सड्यावरची मोजणी आणि उपग्रहाचा वर्णपट जुळत नाहीत: चूक संवेदकाची, हवेची की आमची?

कातळपाऊल:

नमस्कार. राजापूरच्या पूर्वेला, अणुस्कुऱ्याच्या रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, आम्ही दोघे मित्र फेब्रुवारीत फील्ड स्पेक्ट्रोरेडिओमीटर (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश येतो ते मोजणारे उपकरण) घेऊन गेलो होतो. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक हायपरस्पेक्ट्रल उपग्रह त्या भागावरून जाणार होता, आणि त्याने टिपलेले चित्र नोंदणी केलेल्या कोणालाही विनामूल्य मिळते. कातळाचे परावर्तन आम्ही खाली मोजायचे, उपग्रहाने वर मोजायचे आणि मग दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहायचे, एवढाच बेत होता. उपग्रहाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण दोष त्याचाच आहे असे अजून कुठे सिद्ध झालेले नाही.

या विषयाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सेंटिनेल-२ सारखा उपग्रह प्रकाशाचे तेरा पट्टे वेगवेगळे मोजतो, तर हायपरस्पेक्ट्रल संवेदक साधारण ४०० ते २५०० नॅनोमीटरच्या दरम्यानचा प्रकाश दोनशेहून अधिक अरुंद पट्ट्यांत विभागतो आणि प्रत्येक पट्टा सुमारे दहा नॅनोमीटर रुंदीचा असतो. २००० साली गेलेला हायपेरियन हा या कुळातला ज्येष्ठ. इस्रोचा हायसिस २९ नोव्हेंबर २०१८ रोजी पीएसएलव्ही-सी४३ ने गेला, इटलीचा प्रिझ्मा २०१९ मध्ये आणि जर्मनीचा एनमॅप २०२२ मध्ये. पट्टे इतके बारीक असल्यामुळे जांभ्यातील लोहाच्या खनिजांचा ९०० नॅनोमीटरजवळचा खळगा आणि केओलिनाइट मातीचा २२०० जवळचा खळगा वेगवेगळे ओळखता येतात, आणि सड्यावर जाण्याचे आमचे मूळ आकर्षण तेच होते.

फेब्रुवारीत सड्यावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, म्हणून आम्ही गवत नसलेला उघडा कातळ निवडला. त्यावर पावसाळ्यातले शेवाळ सुकून बसलेली काळी खपली असते आणि तिच्यामुळे ६७५ च्या आसपास हरितद्रव्याची अगदी पुसट खूण दिसते. ती खूण उपग्रहाच्या आलेखातही दिसली तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. तो आनंद पुढच्या तीन गोष्टींनी ओसरला.

पहिली गोष्ट अशी की ५५० नॅनोमीटरच्या खाली, निळ्या बाजूला, उपग्रहाचे परावर्तन आमच्या जमिनीवरच्या मोजणीपेक्षा सातत्याने कमी येते. दुसरी अशी की ७६० च्या जवळ उपग्रहाच्या आलेखात एक आडवा पडलेला नागमोडी आकार दिसतो, म्हणजे एका बाजूला उंचवटा आणि लगेच दुसऱ्या बाजूला खड्डा. तिसरी गोष्ट चित्राच्या घाटमाथ्याकडील भागातली आहे. तेथे त्याच ७६० वर नुसताच उंचवटा येतो, खड्डा नाही. वातावरणाची दुरुस्ती, म्हणजे मधल्या हवेचा परिणाम चित्रातून वजा करणे, मी स्वतःच्या संगणकावर केली आहे. निळ्या बाजूची संवेदनशीलता अवकाशात आधी घटते असे वाचले होते, त्यामुळे संवेदक थकत चालला आहे असा माझा तर्क आहे. जाणकारांनी मत द्यावे.

खडूफळा:

मी पदार्थविज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे, या क्षेत्रातला नव्हे. ७६० नॅनोमीटर म्हणजे हवेतील ऑक्सिजनची शोषणरेषा, हे मला ठाऊक आहे. कातळाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. मग कातळाच्या आलेखात ती दिसावीच का?

काजूवखार:

आमच्या वखारीतल्या काट्याचे दरवर्षी पासिंग होते. वैधमापनचा माणूस प्रमाणित वजने घेऊन येतो, काटा तपासतो आणि शिक्का मारतो. मध्येच काट्याविषयी शंका आली तर शेजारच्या वखारीतले पन्नास किलोचे माप आणून आम्ही घरच्या घरी तपासतो. उपग्रह सहाशे किलोमीटर वर गेल्यावर त्याचे पासिंग कोण करतो, आणि त्याची वजने कुठे ठेवलेली असतात?

निर्वात:

उपग्रहावर बसवायच्या प्रकाशीय उपकरणांच्या चाचण्यांत माझी बरीच वर्षे गेली. काजूवखार यांचा प्रश्न मूळ विषयाचाच असल्याने आधी त्याचे उत्तर देतो, म्हणजे कातळपाऊल यांच्या तिन्ही गोष्टींकडे नीट वळता येईल.

पहिले पासिंग जमिनीवरच होते. आतून पांढरा लेप असलेला एक मोठा पोकळ गोल असतो, त्यात दिवे लावले की त्याच्या तोंडातून सगळीकडे सारखा प्रकाश बाहेर पडतो. त्या दिव्यांची साखळी राष्ट्रीय मापन प्रयोगशाळेतील मानकापर्यंत जोडलेली असते. संवेदक त्या गोलासमोर ठेवून प्रत्येक डिटेक्टर-पेशीने किती अंक दिले ते नोंदवतात, आणि तरंगलांबी ठरवण्यासाठी मोनोक्रोमेटरमधून एकेका रंगाचा बारीक प्रकाश त्यात सोडतात. हे सगळे निर्वात कक्षात आणि अवकाशातल्या तापमानाला करावे लागते, कारण हवा काढून घेतली की तरंगलांबी सुमारे ०.०३ टक्क्यांनी बदलते, म्हणजे १००० नॅनोमीटरला साधारण ०.३ नॅनोमीटर. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण दहा नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्याचे केंद्र एका नॅनोमीटरने चुकले तर शोषणरेषेच्या कडेला मोजलेली तेजस्विता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत चुकू शकते.

त्यानंतर प्रक्षेपणाचे हादरे बसतात, गुरुत्वाकर्षणाचा ताण सुटतो, घटकांमध्ये मुरलेली आर्द्रता अवकाशात निघून जाते आणि भिंगे-आरसे केसभर हलतात. म्हणून जमिनीवर मारलेला शिक्का वर गेल्यावर जसाच्या तसा ग्राह्य धरत नाहीत. प्रत्येक चित्राच्या आगेमागे झडप बंद करून अंधाराचा अंक घेतला जातो, कारण डिटेक्टर अंधारातही थोडे अंक देतच असतो आणि ते तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात. ठरावीक काळाने आतल्या दिव्यांनी तपासणी होते आणि काही उपकरणांत सूर्यप्रकाश एका पांढऱ्या विसरक (प्रकाश सगळीकडे सारखा पसरवणाऱ्या) पाटीवरून आत घेतला जातो. एनमॅपमध्ये तरंगलांबी तपासण्यासाठी वेगळा गोल आहे. त्याच्या पांढऱ्या लेपात असे पदार्थ मिसळलेले आहेत की त्यातून येणाऱ्या प्रकाशावरच ठरावीक जागी खळगे पडतात, आणि ते खळगे जागेवर आहेत की सरकले आहेत ते पाहता येते.

अडचण अशी आहे की ही विसरक पाटीदेखील सूर्याच्या अतिनील किरणांनी पिवळी पडते, आणि तीही निळ्या बाजूला अधिक. पाटी मंद झाली आणि आपण ते ओळखले नाही, तर संवेदकच मंद झाला असे समजून आपण त्याचा गुणक वाढवतो, आणि मग पृथ्वी आहे त्याहून उजळ दिसू लागते. म्हणून पाटी गरजेपुरतीच उघडतात, आणि तिच्या साक्षीवर एकटीवर निकाल देत नाहीत.

शेजारच्या वखारीतले माप म्हणजे वाळवंटे. लिबियातील लिबिया-४ नावाने ओळखला जाणारा वाळूचा पट्टा वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहतो, म्हणून जगभरचे उपग्रह त्यावरून जाताना आपापले अंक पडताळून घेतात. नेवाडातील रेलरोड व्हॅली आणि नामिबियातील गोबाबेब येथे जमिनीवरची स्वयंचलित उपकरणे परावर्तन आणि हवेची स्थिती सतत नोंदवत असतात. आपल्याकडे कच्छच्या मोठ्या रणातील मिठाचे पांढरे पठार यासाठी वापरले गेले आहे.

कातळपाऊल, आता आपल्याविषयी. दोन गोष्टी कळवाव्यात. आपला सडा चित्राच्या कितव्या स्तंभात येतो, मध्यावर की कडेला? आणि आपली पांढरी संदर्भ-पाटी मोजणीच्या दिवशी कोणत्या स्थितीत होती?

खाजणकाठ:

मी खाडीच्या पाण्यावर काम करतो, त्यामुळे माझे दुखणे वेगळे आहे. समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात निळ्या-हिरव्या भागात पाण्यातून आलेला वाटा साधारण एक दशांश असतो आणि बाकी सगळी हवेची उधळण असते. म्हणजे कॅलिब्रेशन (संवेदकाचे हेच पासिंग) एक टक्क्याने चुकले तरी पाण्याचे उत्तर दहा टक्क्यांनी चुकते. जमिनीवर काम करणाऱ्यांना दोन-तीन टक्के चालून जातात. आम्हाला ते परवडत नाहीत. हवाईतील लानाई बेटाजवळ मोबी नावाचा प्रकाशीय बोया १९९७ पासून याच कामासाठी ठेवलेला आहे. आपल्या बाजूला लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे अशी व्यवस्था केली गेली, कारण तेथले पाणी स्वच्छ आहे आणि किनाऱ्याचा गढूळपणा तेथे पोचत नाही.

कोकणच्या खाड्यांत याच्या नेमके उलट घडते. स्वच्छ समुद्र जवळच्या अवरक्त प्रकाशात जवळजवळ काळा असतो, असे गृहीत धरून हवेचा वाटा वजा करण्याची रूढ पद्धत आहे. उधाणाच्या ओहोटीला जैतापूरच्या खाडीतून गाळ बाहेर पडत असताना पाणी त्या प्रकाशात काळे राहतच नाही, आणि मग गाळाची चमक हवेच्या खात्यात जमा होऊन निळ्या पट्ट्यात उणे परावर्तन येते. उणे परावर्तन पाहिले की नवखा माणूस संवेदकाला शिव्या देतो. आम्हीही दिल्या आहेत. त्यापेक्षा अधिक लांबीच्या, हजार नॅनोमीटरच्या पुढच्या अवरक्त पट्ट्यांवरून हवेचा अंदाज घेतला की बरेचसे निवळते, कारण तेथे गढूळ पाणीही काळेच असते. किनाऱ्यासाठीच बनवलेला हायको नावाचा हायपरस्पेक्ट्रल संवेदक २००९ ते २०१४ या काळात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर होता. तसे काही पुन्हा हाती आले तर कोकणातल्या खाड्यांना त्याचा फार उपयोग होईल.

खडूफळा:

निर्वात यांनी वाळवंटाचे सांगितले, पण वाळवंटावरही हवा आहेच. हवा मुळीच नसलेले माप हवे असेल तर चंद्र हे उघड उत्तर वाटते. मात्र चंद्र रोज वेगळ्या कलेचा असतो, मग ते माप स्थिर कसे मानायचे?

निर्वात:

चंद्राचा पृष्ठभाग आपल्या कामाच्या दृष्टीने कधी झिजत नाही. बदलतात त्या कला, अंतरे आणि चंद्राचे थोडेसे डोलणे, आणि या सगळ्यांचे गणित मांडता येते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने फ्लॅगस्टाफ येथून वर्षानुवर्षे चंद्र मोजून तसे प्रारूप तयार केले आहे. सीविफ्स हा समुद्ररंगाचा संवेदक दर महिन्याला साधारण सात अंशांच्या कलाकोनाला, म्हणजे पौर्णिमेच्या अगदी लगत, वळून चंद्र पाहत असे. पौर्णिमेलाच का नाही? कारण अगदी समोरून प्रकाश पडला की चंद्र एकाएकी जास्त उजळतो आणि गणित बिघडते. २०२४ मध्ये गेलेल्या पेस या उपग्रहावरील संवेदकही चंद्र नियमाने पाहतो. चंद्रावरून एकूण तेज किती हे सांगताना काही टक्क्यांची अनिश्चितता राहते, पण गेल्या वर्षीपेक्षा यंदा संवेदक किती मंद झाला, हे तो फार बारकाईने सांगतो.

काजूवखार:

म्हणजे वजन नेमके किती आहे ते ठाऊक नसले तरी ते झिजत नाही याची खात्री आहे, आणि त्यावरून काटा घसरला का एवढे तरी कळते. आमच्याकडे जात्याची जुनी तळी याच कामाला वापरत असत.

कातळपाऊल:

निर्वात यांच्या दोन प्रश्नांनी माझी झोप उडाली. क्रमाने सांगतो.

पांढऱ्या पाटीची गोष्ट आधी, कारण ती लाज वाटण्यासारखी आहे. आम्ही पाटी डब्यात न ठेवता गाडीच्या मागच्या भागात एका पंचात गुंडाळून नेली होती, आणि सड्यापर्यंतचे शेवटचे चार किलोमीटर तांबड्या मातीचा कच्चा रस्ता आहे. काल पाटी खिडकीपाशी तिरकी धरून पाहिली. मधोमध पांढरी दिसत होती, पण बोटाने अलगद पुसल्यावर बोटाला लालसर पूड लागली, आणि एका कोपऱ्यात अंगठ्याचा तेलकट ठसाही दिसला. मित्राच्या संस्थेत न वापरलेली पाटी डब्यात बंद ठेवलेली होती. दोन्ही एकाच दिव्याखाली मोजल्या. ६०० नॅनोमीटरच्या पुढे दोघी सारख्या आल्या, आणि ५५० च्या खाली आमची पाटी उतरत गेली.

परावर्तन काढताना आपण कातळाच्या अंकाला पाटीच्या अंकाने भागतो. पाटी निळ्यात काळवंडली की भागाकार फुगतो, आणि कातळ निळ्यात आहे त्याहून उजळ ठरतो. म्हणजे निळ्या बाजूला उपग्रह कमी दाखवत नव्हता, आम्ही जास्त दाखवत होतो. निर्वात यांनी अवकाशातल्या विसरक पाटीविषयी जे लिहिले, तेच आमच्याकडे पंचात गुंडाळलेल्या अवस्थेत घडले.

निर्वात:

आपण पहिल्या प्रतिसादात ५५० हा आकडा दिला तेव्हाच मला शंका आली होती. हवेतील धूसरपणाची दुरुस्ती चुकली असती तर तफावत लाल बाजूपासून निळ्याकडे हळूहळू, न तुटता वाढत गेली असती. ती ५५० ला पायरी उतरल्यासारखी सुरू होत असेल तर त्या जागी लोहाची तांबडी पूड आठवते, कारण तिचे शोषण तेथून खाली एकदम वाढते. पाटीला आता पुसू नका, पुसल्याने पूड आत घासली जाते. वाहत्या पाण्याखाली बारीक वॉटर पेपरने हलक्या हाताने वरचा थर घासून काढावा, पाटी पूर्ण सुकू द्यावी आणि मग न वापरलेल्या पाटीशी पुन्हा ताडून पाहावी.

कातळपाऊल:

तसे केले. चित्राच्या दिवसाची मोजणी आता दोन पाट्यांच्या गुणोत्तराने दुरुस्त करून घेतली असून निळ्या बाजूची तफावत बहुतांशी मिटली आहे.

आता ७६० विषयी. आमचा सडा चित्राच्या पश्चिम कडेजवळच्या स्तंभांत येतो. चित्राच्या मध्यावरचे तीन मोकळे सडे निवडून पाहिले, तेथे नागमोड जवळजवळ नाही. पूर्व कडेला ती पुन्हा दिसते.

निर्वात:

मग हे सरळ आहे. या जातीचे संवेदक झाडू ओढल्यासारखे चित्र घेतात. एका वेळी एक आडवी रेघ पकडली जाते आणि तिचा प्रत्येक बिंदू डिटेक्टरच्या वेगळ्या स्तंभावर पडतो. प्रकाशीय रचनेतल्या वक्रतेमुळे कडेच्या स्तंभांवर पट्ट्याचे केंद्र मध्यापेक्षा किंचित सरकलेले असते. आलेखात हा सरक ओठांच्या कमानीसारखा दिसतो, म्हणून या दोषाला स्माइल म्हणतात. हायपेरियनच्या दृश्य प्रकाशाच्या भागात तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काही नॅनोमीटरचा होता. नव्या उपकरणांत तो फार कमी आहे, पण शून्य नाही.

खडूफळा यांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच येते. वातावरणाची दुरुस्ती करताना ऑक्सिजनची रेषा अमुक जागी आहे असे धरून ती काढून टाकली जाते. पट्टा खरोखर अर्धा नॅनोमीटर बाजूला असेल तर एका उतारावर जास्त काढले जाते आणि दुसऱ्या उतारावर कमी, म्हणून उंचवट्याशेजारी खड्डा येतो. कातळाला ऑक्सिजनची रेषा नाही, आणि म्हणूनच तेथे जे काही उरते ते पट्टा किती सरकला याचे माप असते.

घाटाकडचा नुसता उंचवटा मात्र सरकण्याचा नाही, त्याला जोडीचा खड्डा नाही. आपण दुरुस्ती करताना जमिनीची उंची काय दिली होती?

कातळपाऊल:

संपूर्ण चित्राला एकच उंची दिली होती, सड्याची, म्हणजे शंभर मीटरच्या आसपास.

खडूफळा:

मग हे मलाही कळले. घाटमाथा सात-आठशे मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी, म्हणून वरचा ऑक्सिजनही तेवढाच कमी. आपण खालच्या हिशेबाने जास्त ऑक्सिजन वजा केला, म्हणून रेषेच्या जागी उंचवटा उभा राहिला. नववीच्या वर्गाला हे उदाहरण देता आले असते, तेव्हा सुचले नाही.

खाजणकाठ:

हे चित्र सड्याऐवजी खाडीवर असते तर यातले काहीच सापडले नसते, कारण पाण्यावर ७६० ला प्रकाशच इतका थोडा असतो की नागमोड गोंगाटात बुडून जाते. स्माइल पाहायला उजळ, कोरडी जमीन लागते. कोकणात ती मे अखेरपर्यंतच मिळते, जूनपासून सप्टेंबरपर्यंत सड्यावर ढग तरी असतात किंवा हिरवळ तरी.

निर्वात:

कॅलिब्रेशनसाठी सडा मी कधीच सुचवणार नाही. जांभा गडद, सपाट भाग लहान, हवा दमट आणि वर समुद्राचे मीठ. नेवाडातले उंचावरचे कोरडे पांढरे तळे यासाठीच निवडले आहे. पण पट्टे जागेवर आहेत का एवढे पाहायला सडा पुरतो, कारण त्यासाठी परावर्तनाचा खरा आकडा लागत नाही, फक्त ७६० च्या आसपास गुळगुळीत उतार असलेला पृष्ठभाग लागतो. गवत टाळावे, कारण हिरव्या पानाच्या परावर्तनाचा चढ तेथेच जवळ असतो.

कातळपाऊल, घाईने उपग्रहाच्या संस्थेला कळवू नये. आधी त्याच भागाची आणखी दोन तारखांची चित्रे घ्यावीत, उंचीचा नकाशा देऊन दुरुस्ती पुन्हा करावी आणि प्रत्येक स्तंभाची नागमोड वेगवेगळी मोजावी. तिन्ही तारखांना सरक तोच असेल तर तो ठरीव स्माइल आहे आणि त्यांच्या दुरुस्तीच्या तक्त्यानंतरही अर्धामुर्धा उरला आहे. तारखेगणिक बदलत असेल तर उपकरणाचे तापमान बघावे, चित्राबरोबर येणाऱ्या माहितीत ते दिलेले असते.

कातळपाऊल:

उंचीचा नकाशा घालून फेब्रुवारीचे चित्र पुन्हा काढले. घाटाकडचा उंचवटा गेला आणि त्याखाली दडलेली पूर्व कडेची नागमोड स्वच्छ दिसू लागली. मार्चचेही चित्र मिळाले. कडेच्या त्याच स्तंभांत, त्याच बाजूला उंचवटा आणि त्याच बाजूला खड्डा आहे. एप्रिलच्या चित्रात सड्यावर मळभ आहे, पण देवरुखकडचे दोन सडे मोकळे आहेत आणि ते पश्चिम कडेलाच येतात. ते मोजून झाल्यावर स्तंभांचे क्रमांक आणि तिन्ही तारखा संस्थेला पाठवतो. पाटी आता झाकणाच्या डब्यात आहे आणि डब्यावर मित्राने खडूने लिहून ठेवले आहे की हात धुतल्याशिवाय उघडू नये.